तिसऱ्याच तासाला चाबूक?

ताई, घोडबंदर रोडच्या क्लबात तुमच्या अकरा वर्षांच्या लेकीला तिसऱ्याच तासाला चाबूक दिला, "घोडा ढिम्म आहे, दोन लगाव" म्हणाले, आणि आता स्पर, म्हणजे बुटाच्या टाचेला बांधायचं लोखंडी टोक, आणायला सांगतायत. हे क्रूरपणाचं आहे का, असं तुम्ही विचारलंय. वीसेक वर्षं घोड्यावर बसतोय, त्यावरून सांगतो: स्पर अजिबात नको. चाबूकही इतक्यात नको.

घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटल्यामुळे शिकतो. पोटरीने दाबलं, तो निघाला की त्याच क्षणी पाय सैल. एवढ्यावरून त्याला कळतं, आपण बरोबर केलं. नवशिक्याचा पाय सुटतच नाही. दुडकीत तोल जातो, टाचा पोटावर धपाधप आदळत राहतात. दिवसाला अशी सात-आठ मुलं बसली की घोडा टाचेकडे लक्ष देणंच सोडून देतो. त्यालाच आपण ढिम्म म्हणतो! अशा टाचेला लोखंडी टोक लावून काय साधणार?

"त्याची कातडी जाड असते, लागत नाही" हेही ऐकवतील. माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो, हे लेकीला दाखवा. 2020 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसाची आणि घोड्याची कातडी ताडून पाहिली. वरच्या थरातल्या वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंत लक्षणीय फरक सापडला नाही.

चाबूक मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. पायात जोर नसलेल्या अपंग स्वाराला तो पायाच्या जागी लागतो. तिथे तो नुसता टेकवायचा असतो. पण हात कसलेला असला म्हणजे झालं, असंही नाही. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेली ब्रिटनची शार्लट दुजार्दिन 2024 मध्ये घोड्याच्या पायांवर चाबूक ओढतानाच्या व्हिडिओमुळे पॅरिसला मुकली आणि वर्षभर निलंबित झाली.

मी तरी कुठे सोवळा? एका पावसाळ्यात तुफान नावाचा घोडा दुडकीला येईना, म्हणून रागाने पाच-सहा ओढले. खोगीर उतरवलं तर खाली रुपयाएवढं सालपट निघालेलं. मोतद्दार काही बोलला नाही, हळद लावत बसला. तेव्हापासून घोडा अडला की मी आधी खोगीर, नाल आणि पाठ बघतो.

प्रशिक्षकांना सांगा, काही महिने हिला लाँजवर बसवा, म्हणजे लांब दोरी त्यांच्या हातात आणि घोडा त्यांच्याभोवती गोल. रिकिबीशिवाय तोल सांभाळता आला की मग पुढचं. चांगला शिक्षक याला नाही म्हणणार नाही.

आणि एक काम तुम्हीच करा. मोतद्दाराकडून लगाम मागून घ्या, घोड्याच्या तोंडात जाणाऱ्या कडीवरून बोट फिरवा. आपल्याकडे काटेरी कड्या अजून सर्रास दिसतात, 1965 च्या केंद्रीय नियमांनी मनाई असूनही. बोटाला काटे लागले तर चाबकाची चर्चा करत बसू नका, उरलेली फी परत मागा.