सुई पाहून भोवळ येते, तरी रक्तदान करता येईल का?

गणपती जवळ आले की पुण्यात मंडळांची, ढोलपथकांची रक्तदान शिबिरं सुरू होतात. त्याच सुमारास समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न येतोच: रक्त किंवा सुई पाहिली की मला भोवळ येते, मग मी रक्तदान कसं करू? अनेकांना हे विचारायचीही लाज वाटते.

नदीपात्रात सराव करणाऱ्या एका पथकातला 21 वर्षांचा मुलगा हाच प्रश्न घेऊन आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणारा, अंगापिंडाने धडधाकट. दहावीत असताना लॅबमध्ये रक्त तपासायला गेला आणि खुर्चीतून खाली कोसळला. तेव्हापासून शिबिराच्या दिवशी कधी ताप, कधी परीक्षा, कधी गावाला जायचंय. यंदा पथकातल्या एका मित्राच्या वडिलांना ऑपरेशनच्या वेळी रक्त लागलं. सगळे देऊन आले, हा गेलाच नाही. “मॅडम, एवढा ढोल उचलतो आणि सुईला घाबरतो. पोरं काय म्हणतील?” बोलताना त्याचे डोळे भरून आले.

मी त्याला आधी एवढंच सांगितलं, की याचा भित्रेपणाशी संबंध नाही. साप दिसला, उंचावरून खाली पाहिलं, की छाती धडधडते आणि रक्तदाब वाढतो. माणूस घाबरतो, पण सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुईच्या बाबतीत काहींचं शरीर वेगळं वागतं. ठोके आणि रक्तदाब आधी थोडे चढतात आणि मग एकदम उतरतात. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं. घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे आपोआप घडतं आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेलं असतं. विचारल्यावर त्याला आठवलं, त्याचे मामाही इंजेक्शन आडवं पडूनच घेतात.

म्हणूनच “अंग सैल सोड, रिलॅक्स हो” हा प्रेमाने दिलेला सल्ला इथे उलटा पडू शकतो. उतरणारा रक्तदाब त्याने सावरत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात या त्रासासाठी ‘अप्लाइड टेन्शन’ ही पद्धत मांडली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद सोडायचे, पण अगदी ढिलं व्हायचं नाही, नेहमीसारखं बसायचं. असं चार-पाच वेळा. श्वास मात्र रोखायचा नाही. “ढोल उचलताना पोट आवळतो, तसंच ना?” त्याने विचारलं. अगदी तसंच. त्याचं शरीर हे रोज करत होतं.

मग घाई न करता पुढे सरकलो. आधी सुईचे फोटो, नंतर रक्त काढतानाचे व्हिडिओ, प्रत्येक वेळी स्नायू आवळत. त्यानंतर लॅबमध्ये आडवं पडून साधी रक्ततपासणी. तिथे त्याला अंधारी आली, पण शुद्ध हरपली नाही. माझ्या मते खरी कलाटणी तिथेच मिळाली. येणारी भोवळ थोपवता येते, हे त्याच्या शरीराला कळलं.

त्याची आईही एकदा भेटायला आली. “आधीच सरावाची दगदग, जेवणाची आबाळ. त्यात रक्त दिलं की अशक्तपणा नाही का येणार?” ही काळजी घरोघरी असते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. शिबिरात सहसा 350 मिली घेतात. वजन 55 किलोपेक्षा जास्त असेल तर 450 मिलीपर्यंत. त्यातला द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. शिवाय वय 18च्या खाली, वजन 45 किलोच्या खाली किंवा हिमोग्लोबिन 12.5च्या खाली असेल तर रक्त घेतच नाहीत. आईंची एक गोष्ट मात्र मी उचलून धरली: उपाशीपोटी जायचं नाही आणि त्या दिवशी ढोल बांधायचा नाही.

शिबिरात त्याने फॉर्म भरतानाच डॉक्टरांना सांगितलं, की पूर्वी भोवळ आली होती. हे लपवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो व्यवस्थित जेवून आणि अर्धा लिटर पाणी पिऊन गेला होता. सुईचा हात सैल, पाय आणि पोट आवळलेलं. मध्येच घाम फुटला तेव्हा त्याने लगेच हाक मारली, टेक्निशियनने पाय उंच केले, आणि पिशवी भरली. एरवीही पिशवी भरायला दहा मिनिटांपेक्षा कमीच वेळ लागतो. नंतर तो पाऊण तास तिथेच थांबला, कारण उठल्या-उठल्या घाईने निघालेल्यांना दारात भोवळ येते.

प्रत्येकाला हे जमेलच असं नाही, आणि न जमलेल्याने ओशाळायचं काही कारण नाही. पण सुई किंवा रक्त समोर नसताना, पळताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपत असेल, तर समुपदेशकाकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे जा. आणि शिबिर भरवणाऱ्या दादा-ताईंनो, मागे राहणाऱ्याला चारचौघांत डिवचू नका. लाजेपोटी आडवा पडलेला मुलगा डॉक्टरांपासून भोवळही लपवतो आणि नुकतीच झालेली कावीळही.