वहीतला लाल रकाना

मी समुपदेशक. ते गृहस्थ माझ्याकडे आले ते झोपेची तक्रार घेऊन. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी बरी, सगळ्या तपासण्या झालेल्या. डॉक्टरांनी ‘टेन्शन आहे’ एवढंच सांगून पाठवलेलं. टेन्शन कसलं, तर ‘तसं काही नाही’. पहिली भेट अशीच गेली. दुसऱ्या भेटीत उठून दारापर्यंत गेले, कडीला हात घातला आणि मग वळून म्हणाले, ‘मॅडम, एक सांगू? हसू नका. तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली मी. तिच्यात गेलेले पैसे डोक्यातून जातच नाहीत.’

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. (त्यांची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.) गाडी, कपडे वाळत घालायच्या कामी आलेली ट्रेडमिल, दोनदा हाताळलेला महागडा कॅमेरा, खोलीत मावत नाही असा सोफा... ‘का घेतलं मी हे, आणि आता ही रुखरुख जाणार कशी?’ हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ जण आणतात, आणि बहुतेक जण असाच, दाराशी उभं राहून विचारतात. धंदा बसला हे सांगताना माणूस इतका संकोचत नाही. धंद्यात बाजाराला, भागीदाराला, नशिबाला बोल लावता येतो. स्वतःच्या हौसेनं, कोणी गळ घातली नसताना केलेली खरेदी फसली की मात्र ते अवघड जागेचं दुखणं होऊन बसतं.

तिसऱ्या भेटीला ते एक वही घेऊन आले. दोनशे पानी, कोपरे मऊ पडलेले. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, गाडीचे किलोमीटर, त्याच मॉडेलच्या आणि त्याच सालातल्या गाडीचा जाहिरातीत दिसलेला सगळ्यात कमी भाव, आणि शेवटी लाल शाईत ‘एकूण नुकसान’. रात्री दीड-दोनला जाग आली की फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायच्या आणि आकडा वहीत उतरवायचा. दोन वर्षं हे चाललेलं. अक्षर सुरेख होतं, त्यामुळे वही बघायला जास्तच त्रास झाला.

माझी नजर अडकली ती दुसऱ्या रकान्यावर. तिथला आकडा जवळजवळ हलतच नव्हता. एका अख्ख्या महिन्यात अकरा किलोमीटर.

‘गाडी चालवत नाही तुम्ही?’

‘किलोमीटर वाढले की भाव पडतो ना.’

‘मग ऑफिसला कसे जाता?’

‘बसनं.’

म्हणजे हप्ता गाडीचा, विमा गाडीचा, पार्किंगचं भाडं गाडीचं आणि प्रवास बसचा. दारात हत्ती झुलतोय आणि मालक पायी चाललाय. बरं, उभी ठेवल्यानं गाडी नवी राहते म्हणावं तर तेही नाही. किलोमीटर थांबतात, वय थांबत नाही. त्यांच्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या दोनदा उतरली होती. महिनोन् महिने एकाच जागी वजन पडलं की टायर खराब होतात, रबरी भाग कडक पडतात. आणि विकत घेणारा साल आधी विचारतो, किलोमीटर नंतर.

मी पैशाची सल्लागार नव्हे. पण गाडीचा भाव पडतो कसा हे समजल्याशिवाय या माणसाच्या मनात शिरता येणार नव्हतं, म्हणून आम्ही एक भेट निव्वळ घसाऱ्यावर घालवली. नव्या गाडीच्या किमतीत कर, नोंदणी आणि विक्रेत्याचा नफा असतो. दुसऱ्या मालकाला त्याच्याशी देणंघेणं नसतं, तेव्हा तेवढा भाग शोरूमच्या दारातच सुटतो. शिवाय संशयाचा पैसा कापला जातो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीत काय दडलंय हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा आधीच हात राखून भाव सांगतो आणि चांगल्या गाडीलाही वाइटाच्या पंगतीत बसवतो. २००१ साली अकरलॉफना नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. जेमतेम वापरलेली गाडी विकायला काढली की ‘का विकताय?’ हा प्रश्न येतोच, आणि त्या प्रश्नाची किंमत विकणाऱ्यालाच मोजावी लागते.

मग मी फळ्यावर गाडीची किंमत १०० लिहिली. पहिल्या वर्षी पाचवा हिस्सा गेला असं धरलं, ८० उरले. पुढं दरवर्षी उरलेल्यातले १५ टक्के जातात असं धरलं. दुसऱ्या वर्षाअखेर ६८, तिसऱ्याला ५८, चौथ्याला ४९, पाचव्याला ४२. मॉडेलनुसार आणि बाजारानुसार हे आकडे मागंपुढं होतात, पण उताराचा आकार साधारण असाच असतो, सुरुवातीला कडा आणि पुढं पुढं सपाटी. पाच वर्षांत निम्मी किंमत जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. ते बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. त्यांच्या मनात गाडी रोज सारख्याच वेगानं खड्ड्यात चालली होती. पहिल्या वर्षी २० गेले आणि येत्या वर्षी ९ जातील, हे त्यांनी कधी मांडूनच पाहिलं नव्हतं. लाल रकान्यात एकूण नुकसान असायचं, आणि एकूण आकडा कधी कमी होत नाही.

आता त्या घासून गुळगुळीत झालेल्या प्रश्नाची वेळ आली होती. मी विचारलं, ‘समजा आज तुमच्याकडे गाडी नाही आणि ही विकून जेवढे येतील तेवढे पैसे हातात आहेत. हीच गाडी घ्याल?’

‘छे! बाराच्या भावातसुद्धा नाही.’

‘मग विकायची?’

‘इतक्या तोट्यात?’

हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे आणि खरं सांगते, तो बुद्धीला पटतो, पण त्यानं गाडी क्वचितच विकली जाते. कारण वहीतलं नुकसान आणि विकल्यावरचं नुकसान मनाला सारखं वाटत नाही. डॅनिएल कानमन आणि एमॉस टवर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की जेवढं मिळाल्याचा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढंच गेल्याचं दुःख मोठं असतं. १९९२ च्या त्यांच्याच अंदाजानुसार सुमारे सव्वादोन पट. विकेपर्यंत खातं उघडं असतं, काहीतरी होईल असं वाटत राहतं. विकलं की खातं तोट्यात बंद. ते बंद करायचं नाही म्हणून माणूस महिन्यामागून महिने भाडं भरतो.

बुडीत खर्च, म्हणजे काही केलं तरी परत न येणारा पैसा, माणसाला कसा ओढतो याचा एक प्रयोग मी नेहमी सांगते. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी तो प्रसिद्ध केला. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षाचं तिकीट काढायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत तिकिटं दिली, तीही कोणाला काय हे योगायोगावर सोडून. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पुढच्या भागात मात्र हा फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे मोजलेल्या पैशाचा डंखही कालांतरानं बोथट होतो. जॉन गुरव्हिल आणि दिलीप सोमन यांनी १९९८ साली या बोथट होण्यालाच ‘पैसे भरल्याचा घसारा’ अशा अर्थाचं नाव दिलं. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणारे लोक भरल्या-भरल्या व्यायामशाळेत जोरात जातात आणि मग हळूहळू ढेपाळतात, पुढचे पैसे भरेपर्यंत.

हे सांगताना माझ्याच डोक्यात काहीतरी खटकलं. यांचा डंख तीन वर्षांत बोथट का झाला नाही? वही पुन्हा मागून घेतली आणि या वेळी फक्त तारखा बघितल्या. महिन्याच्या पाच ते दहा या दिवसांत नोंदींची गर्दी, अठरानंतर पानं मोकळी. ‘पाच तारखेला काय असतं?’ असं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसता खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. हप्ता कापल्याचा मेसेज पाच तारखेला यायचा. जखमेवर खपली धरायची आणि दर महिन्याला बँक ती सकाळी सव्वानऊला काढायची.

त्यांच्या पत्नी पुढच्या वेळी आल्या, त्यांच्याच सांगण्यावरून. ‘हिनं तेव्हाच सांगितलं होतं, लहान घेऊ म्हणून,’ असं ते मला म्हणाले होते. बाईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘एकदाच म्हटलं. परत कधी विषय काढला नाही.’ मग थोडं थांबून, ‘काढायला हवा होता बहुतेक. मी गप्प राहिले तर यांना वाटतं मी मनातल्या मनात मोजतेय.’

गाडी सात जणांची आहे हे मला तेव्हा कळलं. घरात माणसं तीन. गृहस्थांचं आणि त्यांच्या बहिणीचं वर्षानुवर्षांचं भांडण मिटलं, त्याच महिन्यात गाडी बुक झाली. सगळे मिळून फिरायला जाऊ, एका गाडीत. दोनदा गेलेही. मग पुन्हा काहीतरी बिनसलं. बाई म्हणाल्या, ‘मागच्या सीटांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. सगळे येतील तेव्हा काढू, असं म्हणाले होते हे.’

गृहस्थ लगेच म्हणाले, ‘विकताना नवी दिसावी म्हणून ठेवलंय.’

इथे मी स्वतःला आवरलं. प्रत्येक हिशेबाखाली नातं खणून काढायची खोड आम्हा समुपदेशकांना असते, आणि समोरच्याला ती अपमानास्पद वाटू शकते. पैसा पैसा म्हणूनही दुखतो. पगारातून दर महिन्याला जाणारी रक्कम हे काही कशाचं प्रतीक नसतं, ती खरोखर जाते. म्हणून बहिणीचा विषय मी त्या दिवशी तिथेच ठेवला. नंतर त्यांनी आपणहून काढला, पण ते सारं इथे सांगण्यासारखं नाही.

‘विकून टाका’ असंही मी म्हटलं नाही. दुसऱ्या टोकाचंही एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर होतं. एका तरुण मुलीनं हौसेची गाडी वर्षाच्या आत, चिडून, पहिला आला त्या भावात देऊन टाकली. ‘शहाणपण’ म्हणून दुसरी जुनी घेतली, न तपासता. ती सतत गॅरेजात. आगीतून फुफाट्यात. पश्चात्तापाच्या भरात केलेला सौदा हा हौसेच्या भरात केलेल्या सौद्याचाच सख्खा भाऊ असतो.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. वहीचं नवं पान उघडायचं, वर आजची किंमत लिहायची आणि तिथूनच पुढं मोजायचं. लाल पेन घरी आणायचं नाही. जाहिराती तीन महिन्यांतून एकदा, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून बघायच्या. हप्त्याचा मेसेज बंद करता येईना, म्हणून हप्ता पत्नीच्या खात्यातून जाऊ लागला आणि तेवढा घरखर्च यांनी उचलला. जाहिरातीतला भाव हा मागणीचा भाव असतो, तेव्हा गाडी विकत घेणाऱ्या तिघांना प्रत्यक्ष दाखवून त्यांचे आकडे घ्यायचे. बँकेकडून उरलेलं कर्ज आणि मुदतीआधी फेडण्याचा आकार लिहून आणायचा. आणि एक महिना गाडी आपली असल्यासारखी वापरायची. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी ती दोनदाच काढली, तीही सकाळी लवकर, कोणी बघू नये अशी.

तिघांपैकी एकाचा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला. दोन वर्षं ते फक्त सगळ्यात कमी भाव टिपत होते, हे त्यांच्याच लक्षात आलं आणि माझ्यासमोर ते पहिल्यांदा मोकळेपणी हसले. हसू फार टिकलं नाही. उरलेलं कर्ज त्याहूनही थोडं जास्तच होतं, आज विकायची तर वरून पैसे घालावे लागले असते. दोघांनी बसून हिशेब केला. आणखी दहा महिने हप्ते भरले तर आकडे जुळतात, तोवर ठेवायची आणि वापरायची. शेजारच्या टेबलावरचे दोघं आता ऑफिसला त्यांच्याच गाडीतून येतात आणि इंधनाचे पैसे वाटून घेतात. झोप पूर्ण आली असं नाही. आठवड्यातून एखादी रात्र अजून जाते.

शेवटच्या भेटीत ते जरा घुश्शातच होते. ते ऑफिसला गेलेले असताना पत्नीनं मागच्या सीटांवरचं प्लॅस्टिक काढून टाकलं होतं. ‘विचारायचं तरी होतं ना,’ ते म्हणाले.

‘मग टाकून दिलं त्यांनी?’

‘टाकतेय कशाची. मी बघितलं वेळेवर.’ त्यांनी आवाज खाली आणला. ‘घडी करून डिकीत ठेवलंय.’