सहावीला वाक्यरचना शिकवायची आहे. आधी व्याख्या पाठ करून घ्याव्यात की थेट वाक्यांपासून सुरुवात करावी? आणि केवल, मिश्र, संयुक्त वाक्यं कधी घ्यावीत?

आधी वाक्यं. व्याख्या तिसऱ्या आठवड्यात आल्या तरी काही बिघडत नाही. 'कर्ता म्हणजे क्रिया करणारा' हे घोकलेल्या मुलाला 'मला थंडी वाजते' यातला कर्ता विचारून बघा. तो बेधडक 'मी' सांगतो. अहो, वाजणारी काय? थंडी. क्रियापद तिच्याच मागे चाललंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं मराठी शिकवलं. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, कोऱ्या बाजूवर एकेक शब्द ठळक लिहायचा आणि वर्गात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचा. (वहीचा कागद घेऊ नका, वळतो.) एके दिवशी सुतळीवर होतं: पोराने पेरू खाल्ला. 'पोराने' काढून 'पोरीने' लावलं. 'खाल्ला' जागचा हलला नाही. मग पेरू काढून चिंच लावली, तर अख्खा वर्ग ओरडला, "खाल्ली!" एक मुलगी म्हणाली, "बाई, ज्याला ने लागलंय त्याचं क्रियापद ऐकतच नाही." झाला कर्मणी प्रयोग: क्रियापद कर्माच्या, म्हणजे खाल्लेल्या वस्तूच्या, मागे. नाव फळ्यावर नंतर लिहिलं.

मग मी मुद्दाम 'मी' लावला. मी चिंच खाल्ली. इथं 'ने' कुठंय? वर्ग गप्प. मागच्या रांगेत आजीपाशी राहणारा एक मुलगा बसायचा, कधी तोंड न उघडणारा. तो उभा राहिला. "बाई, आमच्यात म्या म्हणत्यात. म्या चिंच खाल्ली. पण जाताना म्या नाय, मी जातो."

माझ्या अंगावर काटा आला. पोरानं विभक्ती पकडली होती! आणि नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात उभे. म्हणाले, "बाई, आधी यांची भाषा शुद्ध करा, व्याख्या पाठ करून घ्या, मग हे खेळ." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. मी "हो सर" म्हटलं. त्यानं मार्चपर्यंत हात वर केला नाही.

तेव्हा जे बोलले नाही ते इथं लिहिते. 'म्या' ही 'मी'ची तृतीया विभक्ती आहे, म्हणजे 'ने' लागल्यासारखं रूप. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या ओव्या-अभंगांत 'म्यां' आणि 'तुवां' आहेत. प्रमाण मराठीत ते रूप झिजून 'मी'सारखंच झालं, म्हणून शहरी मुलाला 'मी चिंच खाल्ली' कर्मणी का, हे समजत नाही. त्या मुलाच्या घरी उत्तर रोज बोललं जात होतं. मराठीचे जुने व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. त्याआधी काय लोक प्रयोग चुकवत होते? व्याख्या आधी लागते म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

भावे प्रयोगही सुतळीवरच दाखवा: पोरीने बैलांना बांधलं. दोघांनाही प्रत्यय, मग क्रियापद कुणाचंच नाही. केवल, मिश्र, संयुक्त वाक्यांचंही तुम्ही विचारलंय. ती दिवाळीनंतर घ्या, त्यांना घाई नको.

आता अडचणी. 'तू चिंच खाल्लीस' आलं की नियम डगमगतो, कारण 'ली' चिंचेची आणि 'स' तुझा. 'मी धडा शिकलो', 'तो मराठी बोलला' यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याकडेच बघतं. असे मोजके धातू आहेत, त्यांची वेगळी सुतळी बांधा. आणि परीक्षेत 'मी'च लिहायचं, हेही मुलांना सांगावं लागतं. मीही सांगायचे. पण 'म्या'वर लाल रेघ मारण्याआधी तो शब्द एकदा चिमट्याला लावा, आणि ज्या मुलाच्या घरचा आहे त्यालाच वर्गाला समजावू द्या.