पावतीवरची बोटभर कोरी जागा

भद्रावती तालुक्यातले एक शेतकरी लिहितात: खासगी कोळसा खाणीत शेत गेलं, निवाड्याला, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाला, पाच महिने झाले, पावतीवर सही केली, पैसे खात्यात आले. घरटी एक नोकरी देऊ म्हणणारी कंपनीची माणसं आता ओळख दाखवत नाहीत. दबावाखाली दिलेली संमती रद्द होईल का? मोबदला वाढेल का? अशी पत्रं दर महिन्याला येतात.

संमतीचं तूर्त सोडा. 80 टक्के कुटुंबांच्या संमतीची अट आहे खरी, पण ती मोडली हे हायकोर्टात ठरेपर्यंत तुमच्या बांधावर डंपर फिरत असतील.

तुमचं घोडं अडलंय पावतीवर. पाठवलेल्या फोटोत 'रक्कम मिळाली' आणि तुमची सही, यांच्यामध्ये बोटभर जागा कोरी आहे. तिथे 'नाराजीने स्वीकारली' एवढे दोनच शब्द हवे होते. 2013च्या भूसंपादन कायद्याचं कलम 77 सांगतं की हरकत न नोंदवता पैसे घेतले, तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. सही केलीत तेव्हा पेन हातातच होतं ना?

थोडी वाट उरली आहे. 1894च्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सुप्रीम कोर्टाने 1994 साली अजित सिंग प्रकरणात म्हटलं, की वाढीचा अर्ज केला यातूनच निवाडा अमान्य असल्याचं दिसतं. तुम्हाला ते लागू पडेलच असं नाही, पण आधी अर्ज तर हवा! निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे, नसाल तर जास्तीत जास्त सहा महिने. कलम 21ची, म्हणजे दावे मांडायला बोलावणारी, नोटीस मिळाल्यापासूनही सहा आठवडे मोजले जातात, आणि ही नोटीस निवाड्याच्या आधीच येते. मसुदा लिहिणाऱ्यांची कृपा. म्हणून विलंबमाफीची विनंती जोडाच. सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी पुढे एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. 'साहेब थांबा म्हणाले' हे कारण लेखी पुराव्याशिवाय टिकणं कठीण.

नोकरीचा मुद्दा त्याच अर्जात घाला. 2013च्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नोकरी, एकरकमी 5 लाख किंवा 20 वर्षं दरमहा किमान 2000 रुपये असे पर्याय आहेत. ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोकरीचा शब्द आलाय का, तेही पाहा.

सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव आहे आणि तिने अजून पैसे उचललेले नाहीत, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंत. मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिला उद्याच भूसंपादन अधिकाऱ्यांकडे न्या. पावतीवर 'नाराजीने' हा शब्द तिच्याच हाताने लिहू द्या, तिचा कलम 64चा अर्ज वेगळा द्या आणि दोन्हींवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.