पहिला लाकडी ल्यूर करताना

मित्रा, ल्यूर म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष. त्याचा रंग आणि खवल्यांची नक्षी उठवायची जाळी सध्या बाजूला ठेव. जिताड्याला, म्हणजे खाडीतल्या त्या मोठ्या शिकारी माशाला, आधी तुझ्या ल्यूरची चाल दिसते, रंग नंतर.

लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं घे. पांगारा किंवा सावर चालेल, पण पूर्ण वाळलेलं हवं. लांबी दहा सेंटीमीटर ठेव, फार लहान ल्यूर पहिल्यांदा जमत नाही. मधली रेष, जिभेची (ल्यूरला पाण्यात डोलवणारी पुढची पट्टी) खाच आणि तारेची चीर हे सगळं ठोकळा चौकोनी असतानाच करून घे. गोलाई दिल्यावर खाच हमखास तिरकी जाते आणि ल्यूर एका कुशीवर पोहतो. तार नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, स्टेनलेस स्टीलची. नुसते स्क्रूसारखे आकडे पिळून बसवलेस तर मोठा मासा ते उपटून नेईल.

नवखे सर्वात जास्त चुकतात ते इथे:

- रंगाआधी लाकूड सील न करणं. माझे सुरुवातीचे ल्यूर असेच गेले. गरीच्या भोकातून खाडीचं पाणी शिरलं, लाकूड फुगलं आणि पोटावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला. पातळ इपॉक्सीचे दोन हात दे, भोकांच्या आतूनही.
- वजनासाठीचं शिसं अंदाजाने भरणं. सील केल्यावर गऱ्या आणि रिंगा लावून बादलीत सोड. पाठ वर, पोट खाली राहिलं पाहिजे. तोवर शिसं चिकटवू नकोस.
- घाई. शेवटचा इपॉक्सीचा हात सुकेपर्यंत ल्यूर हळूहळू फिरवत राहा, नाहीतर पोटाखाली थेंब साचतो.

एकाच आकाराचे तीन कर. तिसरा सरळ पोहला की फोटो नक्की पाठव.