एक्स-रेत रक्तवाहिनी दिसत नाही

हाड मोडलं, एक्स-रे काढला, म्हणजे तपासणी झाली, या समजुतीतून आलेले प्रश्न यावेळीही बरेच आहेत. निवडक घेतो.

प्रश्न : मोडलेला हात गार पडला, तर तेलाने चोळावा का?
नाही. तडक हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : काल प्लॅस्टर घातलं. बोटं सुजलीत, गोळी घेऊनही ठणका थांबत नाही. सोमवारी दाखवलं तर चालेल?
या वाचकांना फोन करून लगेच पाठवलं आहे, बाकीच्यांसाठी लिहितो. दुसऱ्याने बोट हळूच सरळ केलं तरी कळ मस्तकात जात असेल, तर आत स्नायू दाबाखाली गुदमरतोय. नाडी लागत असली तरीही. घट्ट बांधणीने हात कायमचा आखडतो, हे फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. सोमवारची वाट पाहू नका.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीचं कोपराच्या वरचं हाड मोडलं. हात गुलाबी आहे, पण मनगटाला नाडी लागत नाही. डॉक्टर आधी हाड बसवणार म्हणतात.
बरोबर म्हणतात. हाडाच्या टोकाने धमनी ताणलेली असते; हाड जागेवर आलं की पुष्कळदा नाडी परत येते. हात पांढराफटक, गारच राहिला, तर मात्र धमनी उघडून पाहावी लागते. मुलीला ऍडमिट ठेवा, घरी नेऊ नका.

प्रश्न : भावाचा गुडघा बाईकवरून पडून निखळला. हाडवैद्याने ओढून बसवला. पावलाची नाडी लागते. तरी अँजिओग्राफी सांगतात, ती पैसे काढायलाच ना?
'नाडी लागते ना, मग झालं!' या एका वाक्यापायी पाय गेलेले मी पाहिलेत. गुडघ्यामागची धमनी वर आणि खाली घट्ट अडकलेली असते. सांधा निखळला की ती ताणली जाते आणि बाहेरून धड दिसली तरी आतलं अस्तर फाटतं. आज रक्त वाहतं, उद्या तिथेच गुठळी धरते. पूर्ण बंद झाली तर साधारण सहा तास हातात असतात. दुसऱ्या महायुद्धात ही धमनी नुसती बांधून टाकत, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश जवानांचे पाय कापावे लागले.

अँजिओग्राफी, म्हणजे धमनीच्या आतल्या रक्तप्रवाहाचा फोटो, प्रत्येकाला लागत नाही, हेही खरं. आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात. तो ०.९ पेक्षा कमी आला किंवा दोन्ही पावलांच्या नाडीत फरक वाटला, तर सीटी अँजिओग्राफी हवीच. जास्त आला तरी निदान २४ तास ऍडमिट राहून पुन्हा पुन्हा तपासणी. हे मोजमाप न करता थेट महागडं 'पॅकेज' पुढे करत असतील तर जरूर जाब विचारा. पण एमआरआयच्या रांगेत रात्र घालवू नका, आणि आजच व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनला दाखवा. हाडवैद्याने सांधा बसवला असेल. धमनीचं त्याला काय कळणार?

प्रश्न : धमनी जोडली, पाय गरम झाला. मग पोटरीला दोन्हीकडून लांब चिरे कशाला?
रक्त परतलं की उपाशी स्नायू फुगतो. जागा करून दिली नाही तर तो मरतो. जखमा नंतर शिवतात, कधी वरून कातडी लावतात. हे नेमकं केव्हा, ते तुमच्या सर्जनलाच विचारा.