आधी भाड्याने, मग विकत

अगं, लाँगआर्म, म्हणजे गोधडी (क्विल्ट) शिवायचं मोठं मशीन, विकत घ्यायची घाई करू नकोस. इथे अमेरिकेत क्विल्टची बरीच दुकानं आधी एक वर्ग करायला लावतात, मग मशीन तासांवर भाड्याने देतात. तेच कर. घरच्या मशीनवर आपण सुईखाली कापड सरकवतो. लाँगआर्मवर कापड चौकटीवर ताणलेलं असतं आणि मशीनच फिरतं. हाताला ते वळण लागायला वेळ लागतो.

अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त ठेव. आणि अधूनमधून वाकून खालची बाजू बघच. माझ्या पहिल्या गोधडीला वरून टाके मोत्यासारखे, खाली मात्र बॉबिनचा दोरा सरळ तारेसारखा पडलेला! वरच्या दोऱ्याचा ताण सैल होता. उसवण्यात दोन रात्री गेल्या.

घेशील तेव्हा खोली मोज; १२ फुटी चौकटीभोवती फिरायलाही जागा हवी.